तैलचित्रांचे प्रकाशापासून संरक्षण

तैलचित्रावर पडणाऱ्या प्रकाशाची तीव्रता, कालावधी आणि त्यातील अतिनील किरणांचे प्रमाण आटोक्यात ठेवून रंगांची व वॉर्निशची हानी रोखण्याची ही पद्धत आहे. प्रकाशाची हानी साठत जाते आणि उडालेला रंग कोणत्याही उपचाराने परत येत नाही; त्यामुळे डागडुजीपेक्षा प्रतिबंधालाच येथे खरे महत्त्व आहे.

सगळे रंग सारखे नाजूक नसतात. गेरूसारखे मातीचे रंग शतकानुशतके टिकतात. मंजिष्ठेपासून किंवा किरमिजी किड्यांपासून केलेले तांबडे मात्र फिके पडतात, हिंगूळ काळवंडतो आणि क्रोमचा पिवळा तपकिरीकडे झुकतो. जुने चित्र चौकटीतून काढले, की खाचेखाली झाकलेल्या बोटभर पट्टीत गालांचा किंवा शालूचा मूळ गुलाबी रंग कधी कधी तसाच आढळतो. बाकीच्या चित्राने काय गमावले आहे, ते त्या पट्टीवरून कळते. उलट, चित्र पेटीत कायम अंधारात ठेवणेही योग्य नाही, कारण रंग ज्यात कालवतात ते जवसाचे तेल अंधारात अधिक पिवळे पडते.

संग्रहालयांत तैलचित्रांसाठी साधारण २०० लक्सची (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) मर्यादा पाळतात आणि अतिनील किरण दर लुमेनमागे (लुमेन म्हणजे दृश्य प्रकाश मोजण्याचे एकक) ७५ मायक्रोवॅटच्या आत ठेवतात. थेट उन्हाची तीव्रता १ लाख लक्सपर्यंत जाते. म्हणजे असे एक तासाचे ऊन आणि २०० लक्सच्या दालनातील रोज ८ तासांप्रमाणे सुमारे दोन महिने, यांची प्रकाशमात्रा सारखीच भरते.

पुण्यात तैलचित्रांचा इतिहास पेशवाईपर्यंत मागे जातो. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने सवाई माधवराव व नाना फडणवीस यांची चित्रे १७९० नंतरच्या काही वर्षांतच रंगविली. येथे दिशेचा विचार जपून करावा लागतो. उत्तरेची खिडकी सुरक्षित, असे सर्रास मानले जाते. परंतु पुणे सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्यही माथ्याच्या उत्तरेला असतो. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे कलतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन दिवाणखान्यात खोलवर येते. साधी काच सर्व अतिनील किरण अडवीत नाही, म्हणून तिच्यावर अतिनील-रोधक फिल्म लावणे आणि आतून जाड पडदा सोडणे असे दोन्ही उपाय करावेत.

जुन्या संस्थांच्या सभागृहांत संस्थापकांच्या तैलचित्राच्या चौकटीवरच ट्यूबलाइट बसविण्याची रीत आहे. ती आदरापोटी आली असली, तरी चित्राच्या वरच्या भागाला, म्हणजे बहुधा पगडीला व कपाळाला, सर्वांत जास्त प्रकाश मिळतो. ती काढून छतावरून मंद एलईडी दिवा सोडावा आणि समारंभ संपताच तो मालवावा.