त्सारित्सिन की कुबान : दक्षिण रशियातील श्वेत फौजा आणि कोसॅक

रशियन यादवी युद्धाचा विषय निघाला की बोल्शेविक कम्युनिस्टांविरुद्ध लढणारी श्वेत सेना आणि सीमाभागांतला लढवय्या शेतकरी समाज म्हणजे कोसॅक, ही दोन नावे बहुधा एका दमात घेतली जातात. पूर्वेकडे, श्वेत सेनानी कोल्चाक यांच्या सत्तेखालच्या सैबेरियात, ते काहीसे खपूनही जाते. १९१८ सालच्या दक्षिण रशियात मात्र एकाच शत्रूशी लढणारी दोन वेगळी सैन्ये होती. एकाला मॉस्को परत घेऊन अखंड रशिया पुन्हा उभा करायचा होता, तर दुसऱ्याला आपली गावे, आपली जमीन आणि त्या जमिनीवरचे पिढीजात हक्क राखायचे होते. या दोन उद्दिष्टांची सांगड कधीच नीट बसली नाही आणि दक्षिणेकडील लढाईचे पुढचे बरेचसे वळण त्यातून ठरले.

कोसॅकांचा जुना इतिहास राजनिष्ठेचा नाही. सतराव्या शतकातील राझिन आणि अठराव्या शतकातील पुगाचोव्ह हे झारशाहीला हादरवणारे दोन्ही बंडखोर डॉनकाठचे कोसॅकच होते. पुढच्या काळात झारांनी त्यांना लष्करी चाकरीच्या बदल्यात जमीन आणि काही सवलती देऊन बांधून घेतले. कोसॅकाने घोडा, गणवेश आणि तलवार स्वखर्चाने आणायची आणि बोलावणे येताच हजर व्हायचे, असा तो व्यवहार होता. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला अशी ११ कोसॅक सैन्ये साम्राज्याच्या सीमाभागांत वसलेली होती आणि त्यांत डॉनचे सर्वांत मोठे होते. १९०५ च्या उठावात याच घोडेस्वारांचा वापर मोर्चे मोडण्यासाठी झाल्यामुळे शहरी कामगारांच्या मनात त्यांच्याविषयी अढी बसली. त्याहून खोल वैर मात्र घरच्या अंगणातले होते. डॉन आणि कुबानमध्ये बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या उपऱ्या शेतकऱ्यांना गावाच्या सामाईक जमिनीत वाटा नव्हता आणि गावकीत आवाजही नव्हता. १९१७ पर्यंत या दोन्ही प्रांतांत कोसॅकांची संख्या एकूण लोकसंख्येच्या निम्म्याहून कमी झाली होती. त्यामुळे जमिनीच्या फेरवाटपाची घोषणा झाली तेव्हा तिचा अर्थ एकाच गावातल्या दोन गल्ल्यांत उलटसुलट लागला.

बोल्शेविकांनी सत्ता घेतल्यावर झारच्या सैन्यातील जुने सेनापती डॉनची राजधानी नोव्होचेर्कास्क येथे जमू लागले, ते कोसॅक आपल्याला आसरा देतील या भरवशावर. (येथील तारखा नव्या दिनदर्शिकेनुसार आहेत. रशियातील जुनी दिनदर्शिका तिच्या १३ दिवस मागे होती.) नोव्हेंबर १९१७ मध्ये अलेक्सेयेव्ह तेथे पोहोचले, नंतर कोर्निलोव्ह आले आणि स्वयंसेवक सेना उभी राहिली. तिच्यात अधिकारी, कॅडेट आणि विद्यार्थीच जास्त होते, साधे शिपाई फारच थोडे. ज्यांच्या भरवशावर हे सारे आले, ते कोसॅक मात्र आघाडीवरून थकून परतले होते आणि पुन्हा लढायला तयार नव्हते. बोल्शेविकांचा वाद सेनापतींशी आहे, आपल्याशी नाही, असे त्यांतील अनेकांना प्रामाणिकपणे वाटत होते. डॉनचे निवडून आलेले अतामान, म्हणजे कोसॅकांचे प्रमुख, कालेदिन यांनी आपल्या रक्षणाला जेमतेम दीडशे माणसे उरली आहेत असे सहकाऱ्यांना सांगितले आणि ११ फेब्रुवारी १९१८ रोजी स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याच महिन्यात स्वयंसेवक सेनेने रोस्तोव्ह सोडले आणि सुमारे चार हजार माणसांनिशी ती कुबानच्या गवताळ प्रदेशात शिरली. ही मोहीम पुढे ‘हिमयात्रा’ म्हणून श्वेत पक्षाच्या आठवणींत अजरामर झाली. लष्करी दृष्टीने ती फसली होती. कुबानची राजधानी येकातेरिनोदार हाती आली नाही आणि एप्रिलमध्ये तेथेच तोफगोळा लागून कोर्निलोव्ह ठार झाले. सेनेची सूत्रे देनिकिन यांच्याकडे गेली.

दरम्यान दोन महिन्यांच्या बोल्शेविक अमलाने डॉनच्या कोसॅकांचे मत पालटले. धान्याची जप्ती, अधिकाऱ्यांना गोळ्या घालणे आणि उपऱ्यांच्या हाती गेलेली सत्ता यांमुळे एकेक गाव बंड करून उठले. मे महिन्यात नोव्होचेर्कास्क मुक्त झाले आणि क्रास्नोव्ह अतामान म्हणून निवडले गेले. त्याच सुमारास जर्मन सैन्य रोस्तोव्हपर्यंत येऊन ठेपले होते. क्रास्नोव्ह यांनी जर्मनीशी व्यवहार केला. डॉनने धान्य द्यायचे आणि युक्रेनमध्ये जर्मनांच्या ताब्यात पडलेल्या रशियन कोठारांतील बंदुका, तोफा आणि दारूगोळा घ्यायचा. या मालाचा बराच वाटा ते स्वयंसेवक सेनेकडेही पाठवत. देनिकिन यांच्या दृष्टीने जर्मनी अजूनही शत्रू होता आणि मित्रराष्ट्रांशी इमान हा तत्त्वाचा प्रश्न होता. तरीही डॉनमार्गे आलेली काडतुसे त्यांच्या सेनेने वापरलीच. डॉन जर्मनांचे मळके गोळे आपल्या पाण्यात धुऊन स्वयंसेवकांना स्वच्छ करून देतो, असा टोमणा क्रास्नोव्ह यांनी पुढे मारला आणि तो खोटा म्हणता येत नाही.

या पार्श्वभूमीवर २८ मे १९१८ रोजी मानिचस्काया या कोसॅक गावात दोन्ही बाजूंची बैठक झाली. श्वेत चळवळीच्या इतिहासात इतका वाद फार थोड्या बैठकांवर झाला असेल. क्रास्नोव्ह यांचा प्रस्ताव असा होता की स्वयंसेवक सेनेने ईशान्येकडे व्होल्गाकाठच्या त्सारित्सिनवर चाल करावी. तेथे तोफांचा कारखाना होता, व्होल्गाचा जलमार्ग होता आणि मुख्य म्हणजे तो कोसॅकांचा नव्हे, रशियाचा मुलूख होता. तेथे तळ पडला की सेनेला कोसॅकांच्या मर्जीवर राहावे लागणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. देनिकिन यांनी तो मानला नाही आणि आधी दक्षिणेला जाऊन कुबान सोडवायचे असे ठरवले. कारणे त्यांच्याकडेही होती. त्यांच्या जेमतेम आठ-नऊ हजारांच्या फौजेचा मोठा हिस्सा कुबानच्या कोसॅकांचा होता, घराकडे पाठ करून ही माणसे उत्तरेला आली असती याची खात्री नव्हती आणि त्यांना दिलेला शब्दही होता. उत्तर कॉकेशसमध्ये लाल, म्हणजे बोल्शेविक, फौजा संख्येने कितीतरी अधिक होत्या व त्यांना पिछाडीवर सोडून पुढे जाणे जोखमीचे होते. कुबानमध्ये धान्य, घोडे आणि नव्या भरतीला माणसे मिळणार होती. नोव्होरोस्सिस्कच्या बंदरातून मित्रराष्ट्रांची जहाजे येण्याची वाट तिथूनच होती. शिवाय या सल्ल्याआड आपली ब्याद डॉनवरून घालवण्याचा अतामानांचा हेतू असावा, असा संशयही देनिकिन यांच्या मनात होता. अलेक्सेयेव्ह यांचा ओढा व्होल्गाकडे होता, परंतु अखेर तेही दक्षिणेच्या मोहिमेत सामील झाले.

या निर्णयावर टीका करणारे लगेच रशियात असलेल्या चेकोस्लोव्हाक सैन्याच्या बोल्शेविकांविरुद्धच्या उठावाकडे बोट दाखवतात. व्होल्गाकाठी समारा ८ जूनला आणि कझान ७ ऑगस्टला बोल्शेविकांच्या हातून गेले. त्याच वेळी दक्षिणेची फौज त्सारित्सिनला असती तर दोन आघाड्या जोडल्या गेल्या असत्या, असे त्यांचे म्हणणे असते. मानिचस्कायाच्या बैठकीवर हा आक्षेप घेणे अन्यायाचे आहे, कारण तो उठाव तेव्हा नुकताच कुठे पेटत होता आणि समारा पडेल हे कोणालाच ठाऊक नव्हते. पण दुसरी कुबान मोहीम प्रत्यक्षात निघाली ती जूनच्या तिसऱ्या आठवड्यानंतर. तोवर समारा पडून दोन आठवडे होत आले होते आणि निर्णयाचा फेरविचार करायला जागा होती. देनिकिन यांचा खरा दोष शोधायचा तर तो मेमधल्या नकारापेक्षा या जूनमधल्या हट्टात शोधावा लागेल. ऑगस्टच्या मध्याला त्यांनी येकातेरिनोदार घेतले, महिनाअखेरीस नोव्होरोस्सिस्कही घेतले, पण ऑक्टोबरमध्ये समारा पुन्हा लाल सैन्याकडे गेले. इकडे एकट्या डॉन सैन्याने त्सारित्सिनला दिलेले वेढे फुकट गेले. आपल्या प्रांताच्या हद्दीपर्यंत हिरिरीने लढणारा डॉन कोसॅक हद्दीपलीकडे पाऊल टाकताना कां-कूं करत असे, हेही त्यामागचे एक कारण होते. त्सारित्सिन अखेर पडले ते ३० जून १९१९ रोजी, वर्षभर उशिरा, आणि तेव्हा पूर्वेकडे कोल्चाक यांची माघार सुरू झालेली होती.

जर्मनीचा पराभव झाल्यावर क्रास्नोव्ह यांचा आधार सुटला. जानेवारी १९१९ मध्ये त्यांना देनिकिन यांचे सरसेनापतिपद मान्य करावे लागले आणि पुढच्याच महिन्यात अतामानपद सोडावे लागले. त्याच जानेवारीत उत्तर डॉनवरील रेजिमेंटांनी लढाई थांबवून लाल सैन्याला वाट दिली होती. त्याचे फळ त्यांना लगेच मिळाले. २४ जानेवारीच्या बोल्शेविक परिपत्रकाने धनिक कोसॅकांचा सरसकट नायनाट करण्याचा आदेश दिला आणि मार्चमध्ये व्योशेन्स्कायाच्या परिसरात तेच कोसॅक पुन्हा शस्त्र घेऊन उठले. परिपत्रक मागे घेण्यात आले, पण तोवर बंड पसरले होते. देनिकिन यांच्या १९१९ च्या उन्हाळी मुसंडीला या बंडाचा मोठा हातभार लागला.

३ जुलैच्या आदेशाने तीन फौजा मॉस्कोकडे निघाल्या आणि ऑक्टोबरमध्ये ओर्योलपर्यंत पोहोचल्या. या काळात दोन्ही सैन्यांमधली फट पुन्हा उघडी पडली. लाल पिछाडीत खोलवर घुसलेली डॉनची घोडदळ मोहीम तांबोव्ह आणि येलेत्स लुटून लांबलचक काफिल्यासह परतली व तिच्यातले अनेकजण लूट घेऊन घरी निघून गेले. युक्रेनमध्ये श्वेत फौजांनी ज्यूंच्या वस्त्यांवर केलेल्या अत्याचारांत कोसॅक तुकड्या पुढे होत्या आणि कीव्हजवळच्या फास्तोव्ह येथील सप्टेंबर १९१९ ची कत्तल हे त्याचे ठळक उदाहरण आहे. तिकडे कुबानची प्रातिनिधिक सभा स्वायत्ततेची भाषा करू लागल्यावर नोव्हेंबरमध्ये श्वेत सेनापतींनी बळ वापरून ती मोडली आणि तिच्या एका सदस्याला जाहीर फाशी दिली. ज्यांच्यासाठी १९१८ मध्ये व्होल्गा सोडली, ते कुबानचे कोसॅक यानंतर आघाडी सोडून घराकडे वळू लागले. मार्च १९२० मध्ये नोव्होरोस्सिस्कच्या धक्क्यावर जहाजे अपुरी पडली तेव्हा मागे राहिलेल्यांत डॉनचे कोसॅक फार मोठ्या संख्येने होते आणि आपल्याला मुद्दाम मागे ठेवले असे त्यांना वाटत राहिले.

देनिकिन यांच्यानंतर श्वेत सेनेचे सरसेनापती झालेल्या व्रांगेल यांनी नोव्हेंबर १९२० मध्ये क्रिमियातून सुमारे दीड लाख लोक बाहेर काढले, आणि तेव्हाही स्वयंसेवकांचे अवशेष गॅलिपोलीला, तर कुबानचे कोसॅक लेम्नोस बेटावर अशा वेगवेगळ्या छावण्या पडल्या. दुसऱ्या महायुद्धात निर्वासितांमध्ये पुन्हा जुनीच फूट पडली. देनिकिन यांनी जर्मनांशी सहकार्य नाकारले, क्रास्नोव्ह यांनी ते केले. १९४५ मध्ये ऑस्ट्रियात ब्रिटिशांनी क्रास्नोव्ह यांच्यासह हजारो कोसॅकांना सोव्हिएत सैन्याच्या हवाली केले आणि जानेवारी १९४७ मध्ये क्रास्नोव्ह यांना मॉस्कोत फाशी झाली. सोव्हिएत राज्य कोसळल्यावर रशियाने १९९२ मध्ये कोसॅक समाजावरील दडपशाही बेकायदा ठरवली आणि २००५ मध्ये देनिकिन यांच्या अस्थी मॉस्कोच्या दोन्स्कोय मठात सन्मानाने पुरल्या. क्रास्नोव्ह यांची शिक्षा रद्द करण्याची मागणी मात्र १९९७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या लष्करी खंडपीठाने फेटाळली आणि त्यावरचा वाद डॉनकाठी अजून चालू आहे.