ऑक्सिमीटर ९८ दाखवतो म्हणून विडी निर्धोक ठरत नाही

कोरोनात बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-चिकोडी या तंबाखूच्या भागात घरोघरी ऑक्सिमीटर आले. साथ ओसरली, यंत्रं राहिली आणि एक समजूतही राहिली: "रोज बंडल ओढतो, तरी ऑक्सिजन ९८! मग फुप्फुसाला काय झालंय?" ही समजूत खोडायलाच हवी, कारण विडी ओढणाऱ्याच्या बोटावर हे यंत्र फसतं.

रक्तातला ऑक्सिजन हिमोग्लोबिन वाहून नेतं. त्याच्या एका रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि प्रत्येकावर ऑक्सिजनचा एक रेणू बसतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड नेमक्या याच जागा धरतो, बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवावी तशा. त्याची पकड ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट. शिवाय एक जागा अडली की उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजनही हिमोग्लोबिन सहजी सोडत नाही. हृदयाच्या स्नायूला मग दुहेरी तोटा होतो: ऑक्सिजन मुळात कमी येतो आणि आलेलाही नीट मिळत नाही.

आता यंत्राकडे. ऑक्सिमीटर बोटातून दोन प्रकारचा प्रकाश सोडतो, ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त. ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश जास्त शोषतं, ऑक्सिजन असलेलं कमी. दोन्ही प्रकाशांच्या शोषणाच्या गुणोत्तरावरून आकडा निघतो. पण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिनही लाल प्रकाश फारसा शोषत नाही, त्यामुळे यंत्र त्यालाही ऑक्सिजनवालं समजतं. नेहमी ओढणाऱ्याच्या रक्तात असं हिमोग्लोबिन ५ ते १० टक्के सहज सापडतं. म्हणजे त्या ९८ मध्ये कार्बन मोनॉक्साइडचाही वाटा असतो. खरा आकडा हवा तर प्रयोगशाळेत को-ऑक्सिमीटरवर, म्हणजे हे दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन वेगवेगळं मोजणाऱ्या यंत्रावर, रक्त तपासावं लागतं.

"विडी पानाची, तिच्यात केमिकल नाही" हेही आपल्याकडे हमखास ऐकू येतं. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असते, हे खरं. पण टेंभुर्णीचं पान सिगारेटच्या कागदासारखं सच्छिद्र नसतं. बाहेरची हवा आत शिरत नाही, विडी सारखी विझू पाहते, म्हणून झुरके भराभर आणि जोरात घ्यावे लागतात. परिणामी निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी तर नाहीच, बहुतेक वेळा जास्तच छातीत जातं.

हे निपाणीत बोलणं जड जातं. १९८१ साली इथल्या तंबाखू उत्पादकांनी भावासाठी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला, गोळीबारात शेतकरी गेले. विड्या वळूनच कित्येक बायकांनी घरं चालवली. त्या कष्टांचं मोल मोठंच आहे, पण म्हणून धुराचं विष कमी होत नाही.

गुळाचा खडा खाल्ला की फुप्फुस साफ होतं, हीसुद्धा भाबडी समजूत. गूळ जठरात जातो, फुप्फुसात नाही. व्हॉट्सॲपवर खपणाऱ्या 'लंग डिटॉक्स'च्या पुड्यांचंही तेच. श्वासनलिका साफ ठेवतात त्या तिच्या अस्तरावरच्या सूक्ष्म केसलव्या आणि धूर त्यांनाच लुळं करतो. ओढणाऱ्याचा सकाळचा खोकला बराचसा त्यातून येतो.

ओढणं थांबवलं की रक्तातला कार्बन मोनॉक्साइड दर चार-पाच तासांनी निम्मा होतो, दिवसभरात जवळजवळ संपतो. रक्तवाहिन्यांच्या विकारांचा आणि कर्करोगाचा धोका मात्र वर्षांच्या हिशेबात उतरतो. ब्रिटिश संशोधक रिचर्ड डॉल यांनी तिथल्या डॉक्टरांच्या धूम्रपानाचा आणि मृत्यूंचा ५० वर्षं मागोवा घेतला. २००४ साली आलेल्या निष्कर्षांनुसार धूम्रपान साठीत सोडलं तरी आयुष्याची सरासरी ३ वर्षं वाचतात, पन्नाशीत ६, चाळिशीत ९. सोडायला मदत हवी असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा मोफत क्रमांक १८०० ११ २३५६ आहे.