कळसूबाईपेक्षा उंचावर झालेली सलामीची मॅच

११ जून २०१०, शुक्रवार, संध्याकाळचे साडेसात. खडकीत मित्राच्या घरी आम्ही सात-आठ जण टीव्हीसमोर दाटीवाटीने बसलेलो, वर्ल्ड कपची पहिलीच मॅच, साउथ आफ्रिका विरुद्ध मेक्सिको, आणि टीव्ही लावल्या लावल्या मित्राची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, अरे टीव्ही बिघडला की काय, कसली घोंघों येतेय त्यातून. ती वुवुझेलाची घोंघों होती, जोहान्सबर्गच्या सॉकर सिटीत ८४ हजारांवर माणसं बसलेली आणि त्यातले निम्मे तरी तो प्लॅस्टिकचा भोंगा फुंकत असावेत असं वाटत होतं.

५५ व्या मिनिटाला सिफिवे त्शाबालालाने डाव्या पायाने जो हाणला तो बॉल लांबच्या कोपऱ्यात वर जाऊन बसला, आणि आम्ही खडकीत बसून असे ओरडलो की जणू आमच्याच गल्लीतल्या पोराने गोल केलाय. मग ७९ व्या मिनिटाला राफाएल मार्केझने बरोबरी केली, शेवटी शेवटी आफ्रिकेच्या म्फेलाचा शॉट पोस्टला लागून परत आला, मॅच १-१. मी तेव्हा लीगमध्ये गोलकीपिंग करायचो त्यामुळे माझं सगळं लक्ष कीपरच्या पायांकडे, तो कधी हलतो, किती उशिरा हलतो. मेक्सिकोचा ऑस्कर पेरेझ त्या गोलला काहीच करू शकला नाही, आणि मला त्याच्याबद्दल फार वाईट वाटलं होतं.

नंतर कधीतरी नकाशात बघताना लक्षात आलं की ते स्टेडियम समुद्रसपाटीपासून सुमारे १७०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. म्हणजे अख्खा महाराष्ट्र खाली ठेवून, शिड्या चढून देवीच्या मंदिरापाशी पोचल्यावर जी हवा लागते ना, त्याहूनही थोड्या वरच्या हवेत ही मॅच झाली. आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात हा किडा आहे की फुटबॉलमध्ये हवा नेमकं काय काय करते.

आधी हवेचं वजन बघू. मुंबईहून पुण्याला येताना खंडाळ्याच्या घाटात कानाला दडे बसतात, महाबळेश्वरला नेलेलं वेफर्सचं पाकीट वर पोचेपर्यंत टम्म फुगतं, हे सगळ्यांनी अनुभवलंय. वर जाऊ तसा आपल्या डोक्यावरच्या हवेचा थर कमी होत जातो, दाब कमी होतो, आणि तेवढ्याच जागेत हवेचे रेणू कमी मावतात, म्हणजेच हवा पातळ होते. पुणं ५६० मीटरवर आहे, त्यामुळे आपली हवा मुंबईच्या हवेपेक्षा साधारण ६ टक्के पातळ. जोहान्सबर्गला हा फरक १५ ते १८ टक्क्यांवर जातो. ऐकायला फार नाही वाटत. पण फुटबॉल ही वस्तूच अशी आहे की तिला हवेचं फार लागतं, कारण तिचं वजन जेमतेम ४१० ते ४५० ग्रॅम आणि आकार चांगला २२ सेंटीमीटर व्यासाचा.

थोडा हिशोब करू, अवघड नाहीये. बॉलचं स्वतःचं वजन म्हणजे त्याला खाली ओढणारा जोर सुमारे ४ न्यूटन. तोच बॉल ताशी ९० किलोमीटरने मारला तर समोरून हवा त्याला जवळपास ३ न्यूटनने मागे ढकलते. म्हणजे गुरुत्वाकर्षण जेवढ्या जोराने बॉलला खाली खेचतंय त्याच्या पाऊणपट जोराने हवा त्याला अडवतेय! क्रिकेटच्या बॉलचं असं नाही, तो लहान आणि जड, तो हवेतून घुसत जातो. आणि म्हणूनच हवा १७ टक्के पातळ झाली की फुटबॉलचं सगळंच थोडं थोडं बदलतं.

समजा २० मीटरवरून ताशी १०८ किलोमीटरने शॉट मारला. समुद्रकिनाऱ्यावर तो गोलपर्यंत पोचायला पाऊण सेकंदाच्या किंचित आत, जोहान्सबर्गला त्याहून एका सेकंदाचा शंभरावा भाग वगैरे लवकर. हा माझा ढोबळ हिशोब आहे, पण यातून अंदाज येतो. शंभरावा भाग म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण तेवढ्यात बॉल सुमारे ३० सेंटीमीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे बॉलच्या स्वतःच्या रुंदीहून जास्त. कीपरचं सगळं शरीर वर्षानुवर्षं ठरावीक हवेत शिकलेलं असतं, बॉल आता इथे आहे म्हणजे हात तिथे, हे डोक्याने नाही तर अंगानेच ठरतं, आणि तिथे ३० सेंटीमीटरची चूक झाली तर जिथे तळवा लागायचा तिथे बोटाचं टोक लागतं. ज्याच्या बोटाचं टोक लागून बॉल आत गेलाय त्यालाच हे कळेल.

आता बॉल वळण्याचं बघू, कारण तिथे उलटा परिणाम होतो. बॉलला स्पिन देऊन मारला की त्याची एक बाजू हवेच्या प्रवाहाबरोबर फिरते आणि दुसरी विरुद्ध, त्यामुळे बॉलच्या मागून निघणारी हवा एका बाजूला वळवून फेकली जाते आणि बॉल दुसऱ्या बाजूला ढकलला जातो. यालाच मॅग्नस इफेक्ट म्हणतात. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरणसुद्धा एका सलामीच्याच मॅचमधलं आहे. ३ जून १९९७, फ्रान्समधलं ल्याँ शहर, वर्ल्ड कपच्या आदल्या वर्षी फ्रान्स, ब्राझील, इंग्लंड आणि इटली अशा चार टीमची एक स्पर्धा भरली होती, तिची पहिली मॅच फ्रान्स-ब्राझील. रोबेर्तो कार्लोसने सुमारे ३५ मीटरवरून फ्रीकिक घेतली, बॉल समोर ओळीने उभ्या असलेल्या फ्रेंच खेळाडूंच्या भिंतीच्या बऱ्याच बाहेरून गेला, गोलच्या मागे बाजूला उभा असलेला बॉलबॉय घाबरून खाली वाकला, कीपर बार्तेझ जागचा हलला नाही, आणि बॉल आत वळून पोस्टला घासून जाळीत. फ्रेंच शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये पाण्यात फिरत्या गोळ्या सोडून यावर प्रयोग केले आणि दाखवलं की असा बॉल वर्तुळात न जाता गोगलगायीच्या शंखासारख्या आवळत जाणाऱ्या वळणावर जातो, कारण वाटेत त्याचा वेग कमी होतो पण स्पिन बराचसा टिकून राहतो, म्हणून अंतर पुरेसं लांब असेल तर शेवटी शेवटी जास्तच वळतो.

आता हीच फ्रीकिक कळसूबाईच्या उंचीवर घ्या. ढकलायला हवाच कमी, त्यामुळे वळणही कमी. पुणेकर किंवा मुंबईकर पोरगा मैदानावर ३ मीटर वळवायला शिकला असेल तर तोच पाय, तोच स्पिन, आणि तिथे वळण अडीच मीटरच्या आसपास. गोल ७.३२ मीटर रुंद असतो, त्यात अर्धा मीटर म्हणजे जाळी आणि जाहिरातीचा बोर्ड यातला फरक.

इथपर्यंत फक्त उंचीचं झालं. पण २०१० ला दुसरंही एक प्रकरण होतं, बॉलच वेगळा होता. जाबुलानी. गोलकीपर लोकांनी त्याच्याबद्दल इतक्या तक्रारी केल्या की स्पर्धेआधीच तो बदनाम झाला, ब्राझीलचा ज्युलिओ सेझार तर म्हणाला की हा सुपरमार्केटमधल्या बॉलसारखा आहे. मला ते लगेच पटलं कारण आपण सगळे लहानपणी तो पातळ प्लॅस्टिकचा बॉल खेळलोय, सरळ मारला तरी हवेत डुलत डुलत कुठेही जाणारा. तो बॉल हलका असतो म्हणून हवा त्याला वाट्टेल तशी ढकलते हे खरं, पण जाबुलानी हलका नव्हता, नियमातल्या वजनाचाच होता. मग तो का डुलायचा?

याचं उत्तर शिवणीत आहे. माझ्या कपाटात अजून एक जुना हाताने शिवलेला बॉल आहे, ३२ तुकड्यांचा, २० षटकोन आणि १२ पंचकोन, रंग उडालेला, एका ठिकाणी दोरा सुटून बाहेर आलेला. हा लेख लिहिताना तो काढला आणि शिवणीवर दोरा लावून मोजलं, दोन तुकड्यांमधली एक शिवण साधारण साडेचार सेंटीमीटर, आणि अशा एकूण ९० शिवणी. म्हणजे एका बॉलवर सुमारे ४ मीटर शिवण! अंगठ्याचं नख फिरवलं की ते प्रत्येक शिवणीत अडकतं. जाबुलानीला फक्त ८ तुकडे होते, तेही शिवलेले नाहीत तर उष्णतेने चिकटवलेले, आणि शिवणीची लांबी जेमतेम २ मीटरच्या आसपास. त्यावर बारीक खाचा होत्या, तरी एकूण तो फार गुळगुळीत होता.

आणि गुळगुळीत असणं बॉलला परवडत नाही. हे समजायला पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की लकडी पुलावर जाऊन उभं राहा आणि खांबांच्या मागच्या बाजूला बघा. पाणी खांबाला चिकटून थोडं येतं आणि मग सुटतं, आणि मागे भोवऱ्यांचा एक पट्टा तयार होतो. बॉलच्या मागेही हवेचा असाच पट्टा असतो. तो जेवढा रुंद तेवढा बॉल जास्त अडतो. आता गंमत अशी की बॉलच्या अंगाला लागून जाणारा हवेचा पातळ थर जर शांत, सुरळीत असेल तर तो लवकर सुटतो आणि मागचा पट्टा रुंद होतो, आणि तोच थर खळबळलेला असेल तर तो बॉलला जास्त वेळ चिकटून राहतो आणि पट्टा अरुंद होतो. शिवणी हेच काम करतात, थर खळबळून टाकतात. गोल्फच्या बॉलला खळगे असतात ते यासाठीच.

एका ठरावीक वेगाच्या खाली थर शांत, वर खळबळलेला, आणि त्या वेगाच्या आसपास मात्र त्याचं काही ठरलेलं नसतं, एका बाजूला शिवण समोर आली तर तिकडे खळबळ, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत भाग आला तर तिकडे शांत. मग बॉल एका बाजूला ढकलला जातो. क्रिकेटमध्ये नव्या बॉलचा स्विंग म्हणजे हेच, फक्त तिथे बॉलर शिवण मुद्दाम धरून तिरकी ठेवतो. फुटबॉल स्पिनशिवाय मारला तर तो हवेत सावकाश फिरत राहतो, कधी ही शिवण समोर कधी ती, त्यामुळे ढकलण्याची दिशाच बदलत राहते, आधी उजवीकडे मग डावीकडे. कीपर उजवीकडे वजन टाकतो आणि बॉल परत येतो. नासाच्या एम्स सेंटरमधले रबी मेहता, ज्यांनी क्रिकेटच्या स्विंगवरही वर्षानुवर्षं काम केलंय, त्यांनी जाबुलानी तपासून सांगितलं की तो ताशी ७२ ते ८० किलोमीटरच्या आसपास असा डुलतो. जुना ३२ तुकड्यांचा बॉल याहून बऱ्याच कमी वेगाला डुलतो, म्हणजे जोरदार शॉट त्या गडबडीच्या पट्ट्याच्या पार वर असतो आणि सरळ येतो. जाबुलानीने ती गडबड नेमकी गोलवर मारल्या जाणाऱ्या शॉटच्या वेगावर आणून ठेवली होती. त्यात पातळ हवेत हा वेग आणखी वर सरकतो. माझं स्पष्ट मत आहे की तो बॉल वर्ल्ड कपला आणायला नको होता, कीपरांची तक्रार शंभर टक्के रास्त होती.

२०१४ चा ब्राझुका यातून शिकून बनवला असं वाटतं, तुकडे फक्त ६ पण ते असे नागमोडी कापलेले की शिवण सव्वातीन मीटरच्या आसपास गेली, आणि कीपरांची ओरड थांबली. तुकडे किती यापेक्षा शिवण किती लांब आणि किती खोल हे महत्त्वाचं आहे.

त्शाबालालाच्या गोलबद्दल मात्र एक सांगतो. त्याचं श्रेय हवेला किंवा बॉलला देणं मला मान्य नाही. तो धावत आला, मारला, आणि जिथे मारायचा होता तिथेच गेला, हे पायाचं काम आहे.

आणि मग डिसेंबर २०२५ मध्ये पुढच्या वर्ल्ड कपचा ड्रॉ निघाला तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. सलामीची मॅच परत मेक्सिको विरुद्ध साउथ आफ्रिका, तारीख परत ११ जून, आणि जागा मेक्सिको सिटीचं अझ्टेका स्टेडियम, सुमारे २२०० मीटर. इथे हवा किनाऱ्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त पातळ. याच शहरात १९६८ च्या ऑलिम्पिकमध्ये बॉब बीमनने ८.९० मीटर लांब उडी मारली होती, आणि पातळ हवेचा त्यात थोडा हात होता हे आता सगळे मानतात. अझ्टेकाने १९७० आणि १९८६ लाही वर्ल्ड कपची सलामीची मॅच बघितलीये. १९७० ला तिथे मेक्सिको आणि सोव्हिएत युनियन ०-० राहिले, आणि खेळले होते काळ्या-पांढऱ्या ३२ तुकड्यांच्या टेलस्टारने, म्हणजे माझ्या कपाटातल्या बॉलच्या आजोबाने. २०२६ च्या ट्रायोंडाला तुकडे फक्त ४, पण शिवणी मुद्दाम खोल ठेवलेल्या आणि अंगावर आत दाबलेल्या रेषा.

अशा उंचीवरची मॅच बघताना गोलपेक्षा कीपरच्या लांब किककडे बघा. बॉल नेहमीपेक्षा दोन-चार मीटर पुढे पडतो. खालच्या हवेत वाढलेला डिफेंडर पहिल्या काही मिनिटांत हेड मारायला जागा धरून उभा राहतो, वर बघतो, आणि मग एक पाऊल मागे, अजून एक पाऊल मागे, आणि बॉल त्याच्या डोक्यावरून निघून जातो.