'माझा क्रश' की 'माझी क्रश'?

साखळीहून पणजीला येणाऱ्या बसमध्ये कॉलेजच्या एका मुलीने मैत्रिणीला कोपराने ढोसलं, "ए, तुझा क्रश चढला बघ." मैत्रीण घाईघाईने खिडकीबाहेर बघायला लागली. पुढच्या सीटवरच्या काकांना बहुधा खडीचा क्रशर तेवढा ठाऊक असावा. त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं.

काकांचंही फारसं चुकलं नाही. या शब्दाचं मूळ मोडतोडीचंच. मोडणे, कडकडणे अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच क्रियापदावरून तो इंग्रजीत आला आणि कित्येक शतकं नुसता चिरडत राहिला. प्रेमात पडला तो अमेरिकेत. १८८४ साली इसाबेला मॉड रिटनहाउस या तरुणीने रोजनिशीत लिहिलं, की 'क्रश' निघून गेला म्हणून एक मुलगी रडते आहे. आजच्या, म्हणजे मनातून आवडणाऱ्या माणसाच्या, अर्थाच्या अगदी जुन्या नोंदींपैकी ही एक. त्याआधी तिथे याच अर्थाने 'मॅश', म्हणजे मुळात कुस्करणे, चालायचा. बायकांवर लाइन मारत फिरणारा छानछोकीबाज तो 'मॅशर'. बोलीचे कोशकार एरिक पार्ट्रिज यांचा तर्क असा, की 'मॅश'चीच थट्टेत केलेली पुढची पायरी म्हणजे 'क्रश'. आधी कुस्करा, मग चिरडा!

भुरळ पडणे या अर्थाचा 'इन्फॅच्युएशन' त्या मानाने शिष्ट, पण त्याच्या पोटात 'मूर्ख' अर्थाचा लॅटिन शब्द बसला आहे. मानसशास्त्रज्ञ डोरोथी टेनॉव्ह यांनी १९७९च्या पुस्तकात मांडलेला 'लिमरन्स', म्हणजे एखाद्याचा ध्यास लागणं, बसपर्यंत पोचलेलाच नाही.

गोव्यात अशा ओढीला शब्दांची टंचाई कधीच नव्हती. पोर्तुगीज शिकलेल्या पिढीला 'पायशोनेता' माहीत असेल: 'पायशांव' म्हणजे उत्कट प्रेम, त्याचं हे धाकटं, चार दिवसांचं रूप. कोकणीत 'म्हजो तुजेर मोग आसा' (माझं तुझ्यावर प्रेम आहे), मराठीत 'तिच्यावर जीव आहे'. दोन्हीकडे प्रेम समोरच्या'वर'च असतं, म्हणून 'तिच्यावर क्रश आहे' आपल्या तोंडात सहज बसलं. 'जीव' म्हणायला मात्र धाडस लागतं. क्रश हसण्यावारी नेता येतो. माझ्या मते तो रुजला तो यामुळेच.

इंग्रजीत नसलेलं लिंगही आपण त्याला दिलं. भावना असेल तर पुल्लिंगी, माणूस असेल तर ज्याचं त्याचं: तो माझा क्रश, ती माझी क्रश. 'तुझा' आणि 'चढला' एवढं ऐकल्यावर निदान मुलगा की मुलगी, यासाठी तरी काकांना मान वळवायची गरज नव्हती.