सील नवं, गळती तीच

बीड, धाराशिव, लातूरकडच्या साखर कारखान्यांत ऐन गाळपात सिरपचा पंप गळायला लागला की सील बदलायचं, जुनं भंगारात टाकायचं, ही जुनी रीत. आठ-पंधरा दिवसांत पुन्हा गळती, आणि खापर सीलवाल्यावर. खरं तर गळतीचा सगळा पुरावाच त्या भंगारात गेलेला असतो.

पंपातून शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, बाहेर येतो तिथली गळती मेकॅनिकल सील अडवतं. त्यात अत्यंत सपाट घासलेल्या दोन चकत्या असतात. एक शाफ्टबरोबर फिरते, दुसरी जागेवर असते, स्प्रिंग त्यांना एकमेकींवर दाबते. मधे द्रवाचा जेमतेम मायक्रॉनभर (मिलिमीटरचा हजारावा भाग) थर राहतो. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा. वंगणही तोच, गारवाही तोच. पंप कोरडा पळाला की हा थर जातो, चकत्या तापतात आणि कडक चकतीवर मधून बाहेर जाणाऱ्या बारीक चिरा पडतात.

सिरपची तऱ्हा वेगळी. ६० ब्रिक्सच्या (म्हणजे वजनात सुमारे ६० टक्के साखर) आसपासचं हे दाट सिरप चकत्यांमधल्या थरातून बाहेरच्या, हवेकडच्या कडेला येतं, तिथे पाणी उडतं आणि साखर उरते. पंप बंद असताना चकत्या चिकटून बसतात. चालू करताच जोडीतल्या मऊ, कार्बनच्या चकतीचे टवके उडतात. म्हणून इथे दोन्ही चकत्या कडक सिलिकॉन कार्बाइडच्या घ्याव्यात आणि बाहेरच्या बाजूला सतत थोडं पाणी सोडावं. हे पाणी बोअरचं नको! आपल्याकडच्या जड पाण्याने साखरेऐवजी क्षार बसतील. कारखान्यात कंडेन्सेट, म्हणजे वाफ निवून झालेलं पाणी, असतंच की.

सीलमधल्या ओ-रिंगचं, म्हणजे गोल रबरी कडीचं, रबरही बघून घ्यावं. व्हायटॉन जातीचं रबर उष्णता आणि तेल सोसतं, पण वाफ आणि इव्हॅपोरेटर (रस आटवायचं भांडं) धुण्याचा कॉस्टिक सोडा त्याला मानवत नाही. तिथे ईपीडीएम हे दुसरं रबर बरं. मात्र बसवताना सवयीने ग्रीस चोपडलं तर तेच ईपीडीएम फुगतं, आणि दोष मालाला लागतो.

काढलेलं सील धुऊन उजेडात धरा. खोल गोल चरे दिसले तर रसात माती-वाळू आहे. झिजेचा पट्टा दोन्हींतल्या अरुंद चकतीच्या रुंदीपेक्षा मोठा उमटला असेल, तर शाफ्ट हेलकावतोय. शाफ्टला डायल गेज (हेलकावा मोजायचं काट्याचं मापक) लावा, मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगचं अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही एका रेषेत आहेत का, ते तपासा. बेअरिंग ढिलं असेल तर त्यावर कितीही भारी सील चढवा, पुढच्या पाळीचा फिटर तेच काम करत बसेल.