उन्हावर चालणारं रंगपाण्याचं पॅनेल: बसवण्याआधी वाचा

सोलापूर-इचलकरंजीकडच्या डाईंगवाल्या ग्राहकांसाठी

आमचं पॅनेल उन्हाच्या जोरावर डाईंगच्या सांडपाण्यातला रंग तोडतं. ते बघायला येणारे बहुतेक जण पहिल्यांदा हेच विचारतात: रंगाच्या बाथमधून निघालेलं पाणी थेट यावर सोडलं तर चालेल का? चालणार नाही. गडद पाण्यात ऊन वरच्यावरच अडतं, पॅनेलच्या काचेवर रंग तोडणारा थर असतो, तिथपर्यंत पोचतच नाही. शिवाय रिअ‍ॅक्टिव्ह रंगासोबत आलेलं मीठ आणि सोडा अ‍ॅश काम मंद करतात. आधी तुरटी-चुन्याने गाळ बसवा, पीएच सातच्या आसपास आणा, मग उरलेलं फिकं पाणी पॅनेलवर सोडा. ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेत, पॅनेलची जागा शेवटी.

काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर आहे. पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये असतो तोच पदार्थ. जुन्या पांढऱ्या पेंटवरून हात फिरवला की भुकटी लागते, त्यात याचाही हात असतो. उन्हात तो पेंटमधला बांधून ठेवणारा भागच खातो. 1972 साली फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी याच पदार्थावर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन करून दाखवलं होतं. आपल्याला पाणी फोडायचं नाही, रंग फोडायचाय.

ऊन पडलं की थरावर पाणी आणि ऑक्सिजनपासून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे फार तिखट, क्षणभर टिकणारे कण तयार होतात आणि रंगाचा रेणू तोडतात. अ‍ॅझो रंगात रंग दाखवणारी दोन नायट्रोजनची जोडी आधी तुटते, म्हणून पाणी लवकर फिकं दिसतं. पण तुकडे पाण्यातच असतात. ते पुरते जळायला आणखी वेळ लागतो. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, सीओडी मोजा, म्हणजे पाण्यातली घाण जाळायला किती ऑक्सिजन लागतो ते. बाहेर सोडायच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या संमतीपत्रात वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

या थराला 387 नॅनोमीटरपेक्षा कमी लांबीच्या लहरी लागतात आणि उन्हात त्या शेकडा पाचही नसतात. त्यामुळे जागा जास्त लागते, पावसाळ्यात काम रेंगाळतं. साठवणीची टाकी मोठीच ठेवा. वर पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक पत्रा टाकू नका, नेमक्या याच लहरी तो अडवतो. एका गिऱ्हाइकाने कबुतरांसाठी तो टाकला आणि महिनाभर आम्हालाच दोष दिला.

विकत घेण्याआधी तुमचंच पाणी आणा. मिथिलीन ब्लू या चाचणीच्या रंगाची निळी बाटली उन्हात पांढरी करून दाखवणं सोपं आहे, त्यावर भुलू नका. तुमच्या पाण्याच्या तीन बाटल्या भरू: एक थर दिलेल्या पट्टीसह उन्हात, एक पट्टीशिवाय उन्हात, एक पट्टीसह काळ्या कापडात. काळ्या कापडातली बाटलीही तितकीच फिकी झाली, तर रंग तुटला नाही, पट्टीला नुसता चिकटला.

मीठ यातून जात नाही. तुमची अडचण टीडीएसची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांची असेल, तर आमच्याकडे येऊ नका, आरओवाल्याकडे जा.