डीबग रजिस्टर आणि लिनक्स कर्नल

मेमरीतल्या ठराविक पत्त्यावर कोणी लिहिले, तो वाचला किंवा तिथली सूचना (इन्स्ट्रक्शन) चालवली, तर प्रोसेसरने तत्काळ थांबून कळवावे यासाठी प्रोसेसरमध्येच असलेली रजिस्टरे (छोटे साठवणकप्पे) म्हणजे डीबग रजिस्टरे. इंटेलच्या एक्स८६ मालिकेत ती १९८५ साली आलेल्या ८०३८६ पासून आहेत. डीआर० ते डीआर३ मध्ये पत्ते भरतात. कशावर आणि किती बाइटांवर लक्ष ठेवायचे ते डीआर७ ठरवतो, तर कोणती अट पूर्ण झाली ते डीआर६ मध्ये उमटते. म्हणजे एका वेळी पहारा फक्त चार जागांवर.

साधा ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम थांबवण्याची खूण, कोडमध्ये ०xसीसी ही एक बाइटची सूचना घुसवून होतो. पण एखादा चल (व्हेरिएबल) कोण बिघडवतो हे त्याने सापडत नाही. जीडीबी या डीबगरला (दोष शोधण्याच्या प्रोग्रामला) डीबग रजिस्टर मिळाले नाही, तर तो एकेक सूचना चालवून किंमत तपासत बसतो आणि प्रोग्राम शेकडो पटींनी मंदावतो. मेमरी कुठूनतरी बिघडते, पण कुठून ते कळत नाही, अशा दोषांवर या चार रजिस्टरांइतके नेमके साधन क्वचितच सापडते.

ही रजिस्टरे वाचण्या-लिहिण्याचा अधिकार फक्त कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, पातळीवर असतो, म्हणून डीबगरला पीट्रेस या सिस्टिम कॉलमार्फत कर्नलकडेच मागणी करावी लागते. शिवाय त्यांतले पत्ते आभासी असतात. तोच आकडा दुसऱ्या प्रोसेसमध्ये भलत्याच जागेचा असतो. त्यामुळे कर्नल प्रत्येक थ्रेडचे (प्रोसेसमधल्या स्वतंत्र धाग्याचे) पहारे वेगळे जपतो आणि थ्रेड बदलताना रजिस्टरेही बदलतो. पहारा फक्त प्रोसेसरच्या स्वतःच्या वाचन-लेखनावर असल्याने एक मर्यादाही येते: एखाद्या उपकरणाने डीएमएद्वारे, म्हणजे प्रोसेसरला वगळून, थेट मेमरीत लिहिले, तर पहाऱ्याला सुगावाच लागत नाही. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

२०१० सालच्या २.६.३३ आवृत्तीत लिनक्सने या रजिस्टरांचे वाटप एका सामाईक व्यवस्थेकडे सोपवले. ती पर्फ इव्हेंट्स या कर्नलच्या कामगिरी मोजणाऱ्या यंत्रणेवर उभी आहे. प्रोसेसरच्या कोणत्या कोअरवर (स्वतंत्र गणन-एककावर) किती जागा अडल्या आहेत याचा हिशेब ती ठेवते आणि जागा उरली नसेल तर मागणी नाकारते. मर्यादित साधन अनेकांनी वापरायचे तर असा एकच हिशेबनीस हवाच; हा बदल योग्यच होता. यातून कर्नलच्या स्वतःच्या चलांवरही सर्व कोअरवर एकदम पहारा बसवता येतो.

पहारा कधी जाणवतो हेही महत्त्वाचे. एक्स८६ वर सूचनेवरचा ब्रेकपॉइंट ती चालण्याआधी उडतो, डेटावरचा मात्र लिहून झाल्यावर. फक्त वाचनावर पहारा ठेवण्याची सोयच तिथे नाही. एआरएम६४ या दुसऱ्या प्रोसेसर-मालिकेत डेटाचा वॉचपॉइंट (पहारा) लिहिण्याआधीच उडतो, त्यामुळे ती सूचना पार करून पुढे जाण्याची तजवीज सॉफ्टवेअरला करावी लागते.

सामान्य वापरकर्त्याने कर्नलच्या पत्त्यावर पहारा मागितला तर लिनक्स तो देत नाही. तरी वाट सापडली. एक्स८६ वर स्टॅक सेगमेंट हे रजिस्टर भरणाऱ्या सूचनेने उडालेला डेटा-पहारा प्रोसेसर पुढच्या सूचनेपर्यंत लांबवतो. ती पुढची सूचना कर्नलमध्ये शिरणारी असेल, तर पहाऱ्याचा अपवाद (प्रोसेसरचा थांबण्याचा इशारा) कर्नलच्या पहिल्याच सूचनेवर येऊन आदळतो. सीव्हीई-२०१८-८८९७ या नावाने मे २०१८ मध्ये जाहीर झालेल्या या त्रुटीमुळे लिनक्ससह विंडोज, मॅकओएस, फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिम्स आणि झेन (आभासी यंत्रे चालवणारे सॉफ्टवेअर) यांना दुरुस्त्या कराव्या लागल्या. पुढे २०२० च्या ५.८ आवृत्तीत लिनक्सने कर्नलप्रवेशासाठी राखलेल्या मेमरीवर डेटा-पहारा बसवायलाच मनाई केली.